सुटली म्हणजे

कोंडेवाडीहून फोन आला तेव्हा उल्का घरात नव्हती, घरात होते अण्णा. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

अण्णा म्हणजे उल्काचे वडील, गोपाळकृष्णपंत. हयातभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलेला माणूस. शाळा सुटली तरी खोड काही सुटली नव्हती. भाजीवाली 'मेथी ताजा आलाय' म्हणाली की हे आधी मेथीचं लिंग दुरुस्त करायचे आणि मग भाव विचारायचे. असल्या माणसानं निरोप घेतला तर त्यातला एक काना इकडचा तिकडे होणार नाही. पण अर्थाचं काय? अर्थाची जबाबदारी त्यांनी कधी घेतलीच नव्हती.

उल्का संस्थेतून घरी आली तेव्हा अण्णा पानावर बसायच्या बेतात होते. पोळीवर तूप वाढता वाढता म्हणाले, "कोंडेवाडीच्या कुणा मथुराबाईंचा फोन होता. म्हणाल्या, 'सांगा तुमच्या पोरीला, माझी सून सुटली.' आणि ठेवून दिला."

उल्काच्या खांद्यावरची पिशवी खाली आली.

"सुटली? म्हणजे काय, अण्णा?"

"ते मला काय विचारतेस? सुटली. अकर्मक क्रियापद, भूतकाळ, स्त्रीलिंगी, एकवचन."

"रडत होत्या का त्या?"

"ओरडत होत्या. त्यांच्याकडे रडताना ओरडतात की ओरडताना रडतात, मला ठाऊक नाही."

उल्का तशीच खुर्चीवर बसली. काय करावं तिला सुचेना. कारण 'सुटली' हा शब्द या घरात कुणी सहज उच्चारत नसे. दोन वर्षांपूर्वी उल्काची आई गेली ती लांबलचक दुखण्यानं गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच चपला काढता काढता म्हणायचा, "सुटली हो बिचारी." नवव्या दिवशी अण्णांचा बांध फुटला. कुणा लांबच्या मामेभावाला ते तोंडावर म्हणाले, "सुटली म्हणजे काय? आम्ही काय तिला बांधून ठेवली होती?" मामेभाऊ चहा न घेता गेला. तेव्हापासून उल्काच्या लेखी या शब्दाचा अर्थ एकच होता.

एकच होता, म्हणजे फेलोशिप मिळेपर्यंत.

ही फेलोशिप माता-बाल आरोग्याची. पदवीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण, त्यातलं अर्धं वर्गात आणि अर्धं वस्तीत. साऱ्या राज्यातून मोजक्या मुली घेतल्या होत्या, त्यात नारायण पेठेतली उल्का. तिच्या वाट्याला आली कोंडेवाडी. शहराच्या हद्दीत नुकतंच ओढलेलं गाव. पाटी महानगरपालिकेची आणि गोठे गावाचे. निम्म्या शेतात ऊस आणि निम्म्या शेतात बिल्डरचे खांब. पहिल्याच महिन्यात तिथल्या नर्सबाई सहज म्हणाल्या, "आनंदी सुटली बरं का काल." झालं! उल्कानं पिशवी उचलली. ती पांढरीफटक पडून आनंदीच्या घरी गेली, ओट्यावर बसलेल्या सासूपुढे मान खाली घालून म्हणाली, "फार वाईट झालं हो."

सासूनं सुस्कारा टाकला. "व्हय की वो ताई. तिसरी बी पोरगीच."

उल्काला काहीच उमगेना. इतक्यात आतून मेलेल्या आनंदीनं विचारलं, "आत्याबाई, कोन आलंय?" आणि उल्काला भोवळ यायची तेवढी राहिली. सुटली म्हणजे बाळंत झाली, मोकळी झाली, हे तिला त्या दिवशी कळलं. संस्थेत आठ दिवस पोरी तिला बघून हसत होत्या. तिच्या मार्गदर्शक डॉक्टर सरोजिनी मात्र हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत. एवढंच म्हणाल्या, "पुस्तकं खूप वाचलीस. आता कान उघड. त्यांच्या भाषेत ऐक, त्यांच्या भाषेत बोल."

तेव्हा आता प्रश्न असा, की मथुराबाईंची पोटुशी सून विजयमाला सुटली म्हणजे कोणती सुटली? नारायण पेठेतली की कोंडेवाडीतली?

उल्कानं सरोजिनीबाईंना फोन लावला.

"मॅडम, विजयमाला सुटली असा निरोप आहे."

"बाळंत झाली की गेली?"

"तेच कळत नाहीये."

"मग मला कशाला विचारतेस? मी ज्योतिषी आहे का? परवा बघितलीस तेव्हा रक्तदाब किती होता?"

उल्कानं सांगितला. तो भलताच चढलेला होता. 

"आणि तू तिला तिथेच सोडून आलीस?"

"मी सांगितलं मॅडम घरच्यांना. दोनदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीच्या पायाला सूज यायचीच. नवरा म्हणाला, उद्या नेतो."

"उद्या! बस पकड, जा. फेलोशिप माझ्याशी गप्पा मारायला दिलेली नाही."

उल्का न जेवताच निघाली. अण्णांनी मागून हाक मारली, "दोन घास खाऊन तरी जा," पण तोवर ती जिना उतरली होती.

स्वारगेटला बस लागलेली होती, ती सुटेना. बसलाही तोच शब्द, उल्काच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. खिडकीशी बसून ती मनात एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाऊ लागली. ओरडत होती म्हणजे दुःखानं ओरडत असणार. पण मथुराबाई आनंदातही ओरडूनच बोलते. नातू झाला असेल. पण आठवा महिना नुकताच लागलेला, आठव्यात कशी सुटेल? सुटली असेल तर बाळ केवढंसं असेल? आणि विजयमाला? परवा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. गोरीपान, अबोल पोरगी, विशीचीही नसेल. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. पायांत चपला जाईनात म्हणून अनवाणी. उल्कानं पोटरीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. "दुखतंय का गं?" विचारलं तर नाही म्हणाली. तिला काहीही विचारलं तरी ती आधी नाहीच म्हणायची.

आणखी एक गोष्ट उल्काच्या काळजात काट्यासारखी सलत होती. विजयमालाला सातव्यात माहेरी न्यायचं ठरलं होतं. माहेर वेल्ह्याच्या डोंगरात, रस्ता धड नाही, दवाखाना नाही. उल्कानं हट्ट धरून ते मोडलं होतं. सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. "पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, ही कोण शहाणी लागून गेली!" तरी तिनं ऐकलं नव्हतं. आता तिला काही झालं तर? आईच्या कुशीत तरी गेली असती, असं लोक म्हणणार. आणि लोक म्हणोत न म्हणोत, उल्का स्वतः काय म्हणणार होती?

मथुराबाईच्या घराचं दार सताड उघडं, आणि आत कोणी नाही. गोठ्यात म्हैस तेवढी. देव्हाऱ्यावर फडकं टाकलेलं होतं. ते फडकं बघून उल्काचा जीव टांगणीला लागला. घरात जन्म झाला तरी देवाला शिवत नाहीत, आणि मरण झालं तरी. फडक्यावरून काय समजायचं?

शेजारच्या ओट्यावर मुक्ताबाई ज्वारी पाखडत बसली होती. उल्काला बघून तिनं सूप जरा जास्तच जोरात हलवायला सुरुवात केली.

"मुक्ताबाई, विजयमाला कुठाय?"

"गेली की."

"गेली? कधी?"

"सकाळच्याला."

"कशानं गेली हो?"

"आता कशानं गेली ते देवाला ठावं. कुनी बघितलंच नाय."

"आणि मच्छिंद्र? तिचा नवरा?"

"त्यो सावडाया गेलाय मानसांसंगं."

सावडायला जातात ते चितेची राख गोळा करायला. उल्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण डोकं मोठं वाईट असतं, ते अशा वेळीही थांबत नाही. सकाळी गेली आणि दुपारी सावडायला? सावडणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतं ना? मग कधी गेली? अण्णांना फोन तर आज आला. तिनं पुन्हा विचारलं, "मुक्ताबाई, नीट सांगा ना, काय झालं?"

"मला कशाला इचारता ताई? ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट. म्या न्हाय कुनाच्या घरात डोकावत." आणि ती सूप घेऊन स्वतःच्या घरात गेली, दार लावूनसुद्धा घेतलं. एरवी हीच मुक्ताबाई साऱ्या वाडीच्या चुलीत काय शिजतंय ते न विचारता सांगायची.

तेवढ्यात रस्त्याकडून मथुराबाई आली. पदर खांद्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले, उन्हानं तोंड लालबुंद. हातात चपलांचा एक जोड. उल्का धावत गेली आणि तिचे दोन्ही हात धरून रडायलाच लागली.

"मावशी, फार वाईट झालं हो!"

मथुराबाईनं हिसडा देऊन हात सोडवले. "वाईट? करून सवरून वर तुमीच म्हनताय वाईट झालं? तुमीच शिकिवलं न्हाय का तिला?"

"मी? मी काय शिकवलं?"

"सुटायचं म्हनून! डोकं दुखलं की दार उघडायचं आन् सुटायचं! मारुतीच्या देवळात समद्या बायांम्होरं नाचून दाखिवलंत की! घ्या, सुटली! म्हशीला पानी दाखवून येस्तवर घरातनं सुटली. गळ्यातलं डोरलं सोडलं तर अंगावर दागिना न्हाय. पायांत चपला बी न्हायती!"

उल्कानं डोळे पुसले. "म्हणजे... ती जिवंत आहे?"

"जिवंत न्हाय तर काय? मेलेली मानसं पळून जात्यात व्हय?"

"मग ते सावडायला...?"

"त्ये आमच्या भावकीतल्या भैरूआबाचं. शंभरीला टेकला व्हता म्हातारा. आमाला सुतक हाय, देव झाकल्यात, मानसं समदी नदीवर, आन् हिला आजच सुटायचं व्हतं! सून पळाली म्हनून वाडीत तोंड कुठं दाखवू म्या?"

म्हणून मुक्ताबाई तोंड चुकवत होती. म्हणून देव्हारा झाकलेला. उल्काला एकदम हसू आलं. हसता हसता ती थांबली, कारण आता कुठे तिला खरं काय ते कळत होतं. सुटली म्हणजे मेली नव्हती, सुटली म्हणजे बाळंत झाली नव्हती. सुटली म्हणजे निघाली होती. सुजलेल्या पायांनी, एकटी.

"मावशी, जाताना काही म्हणाली का ती?"

मथुराबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सकाळपासनं डोकं धरून बसली व्हती. डोळ्यांपुढं अंधारी येतीया म्हनली. म्या म्हनलं, नीज जरा. मच्छिंद्र आला की बघू. आता मला काय ठावं..."

उल्काला सगळं आठवलं. महिन्यापूर्वी देवळात बायका जमवल्या होत्या. 'त्यांच्या भाषेत बोल' हे सरोजिनीबाईंचं वाक्य तिनं फारच मनावर घेतलं होतं. डोकं धरून दाखवलं, डोळे फिरवून दाखवले, आणि पदर खोचून म्हणाली, "अशी अंधारी आली तर कुनाची वाट बघायची नाय! दार उघडायचं आन् सुटायचं!" पेठेतल्या तोंडात वाडीची बोली बघून बायका पोट धरधरून हसल्या. उल्काही खूश झाली. एकटी विजयमाला हसली नव्हती. सगळ्या उठून गेल्यावर जवळ येऊन म्हणाली होती, "सुटून जायाचं कुठं, ताई?" आणि उल्का पिशवी आवरता आवरता बोलून गेली होती, "दवाखान्यात. नाहीच सापडला तर माझ्याकडे ये. नारायण पेठ, दीनानाथांच्या वहीपुस्तकांच्या दुकानावर. कुणीही सांगेल." बोलली आणि विसरली. असं आपण किती जणांना सांगतो, या कधीतरी घरी. खरंच कुणी येतं का?

वाडीतल्या दवाखान्याला त्या दिवशी कुलूप होतं. मथुराबाईनं मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं होतं, रिक्षावाल्यांना विचारलं होतं. एकानं सुनेला स्वारगेटच्या बसमध्ये चढताना बघितलं होतं.

उल्कानं एसटीडी बूथमधून घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. अण्णांची दुपारची झोप. झोपेत फोन उचलायचा नाही हा त्यांचा नियम, तो आईच्या दुखण्यातही मोडला नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"चला मावशी," उल्का म्हणाली, "ती माझ्या घरी गेली असणार."

"तुमच्या घरी? माहेर सोडून, सासर सोडून, तुमच्या घरी कशापायी जाईल ती?" मथुराबाई तोंडानं हे म्हणत होती, पण रिक्षात आधी तीच बसली. चपलांचा जोड मांडीवर. सबंध रस्ताभर तिनं तो खाली ठेवला नाही.

नारायण पेठेतल्या घराला कुलूप. अण्णांच्या घराला दुपारच्या वेळी कुलूप म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखंच. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कुणीतरी पाणी टाकून धुतलेलं दिसत होतं. खालच्या दुकानात दीनानाथ पुठ्ठे कापत बसले होते.

"दीनानाथकाका, अण्णा कुठे गेले?"

"रिक्षात बसून गेले. मी त्यांना रिक्षात बसलेलं प्रथमच पाहिलं. आणि तेही बनियनवर."

"कोणाबरोबर?"

"एक बाई होती. पोटुशी. तुमच्या जिन्यात पडली, हातपाय झाडायला लागली. मी आणि तुझ्या वडिलांनी उचलून रिक्षात घातली."

"कुठे नेली?"

"तुझे वडील रिक्षावाल्याला म्हणाले, सूतिकागृहात चला. तो म्हणाला, हे कुठं आलं? मग मीच म्हटलं, अरे बाबा, मोठ्या सरकारी दवाखान्यात घे. भाषा शुद्ध राहील, पण बाई मरेल."

मथुराबाई तोवर रिक्षाकडे वळलीसुद्धा होती.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात अण्णा बाकावर बसले होते. धोतर, बनियन, पायांत काही नाही. उल्कानं आपल्या वडिलांना घराबाहेर असं कधीच पाहिलेलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते सदऱ्याची सगळी बटणं लावून बसले होते.

"आत नेलीय," अण्णा म्हणाले. "अजून कोणी काही सांगत नाही."

"अण्णा, ती कधी आली?"

अण्णा म्हणाले, "मी आडवा झालो होतो. दार वाजलं. उघडलं तर ही उभी. म्हणाली, 'ताई हायेत का?' मी म्हटलं, नाहीत. म्हणाली, 'कवा येतील?' मी म्हटलं, चारनंतर या. आणि दार लावलं." मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाले, "पाय बघितले होते गं मी तिचे. हे एवढे सुजलेले. बघितले आणि लावलं. मग पडल्याचा आवाज आला."

उल्काला अण्णांचा संताप आला, आणि त्यांच्या उघड्या, सुरकुतलेल्या दंडांकडे बघून कणवही आली. दोन्ही एकाच वेळी आलं.

येत्या सोमवारी संस्थेत तिला भाषण करायचं होतं. विषय होता 'तीन उशीर'. बाई बाळंतपणात मरते ती बहुतेक वेळा उशिरानं मरते, असं त्या विद्येत शिकवतात. पहिला उशीर घरात, निघायचं ठरवण्यात. दुसरा उशीर वाटेत. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर, उपचार सुरू होण्यात. उल्कानं ते सगळं सुंदर मांडलं होतं, बाणबिण काढून. आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते अण्णांनी.

"उल्के," अण्णा हळूच म्हणाले, "तुझ्या त्या तीन उशिरांत आपलं दार कुठे बसतं?"

मथुराबाई भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. चपला मांडीवरच होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. आतलं दार उघडलं आणि एक जाडजूड आया बाहेर आली.

"कोंडेवाडीच्या विजयमालाचं कोन हाय? सुटली."

मथुराबाईनं दोन्ही हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. "पावलास रं देवा!" उल्का दोन्ही हातांनी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडायला लागली. आया एकीकडे बघते, दुसरीकडे बघते, तिला काही समजेना. एक बाई हात जोडतीय, एक बाई ऊर फोडतीय, दोघी एकाच पेशंटच्या.

अण्णा ताडकन उठले. "अहो बाई, सुटली म्हणजे काय ते नीट सांगा! त्या शब्दाचे तीन अर्थ आहेत!"

"अवो आजोबा, वरडता काय असं?" आया म्हणाली. "पोरगी झाली. पोटावर शस्त्र चालवून काढली. बारीक हाय, काचंच्या पेटीत ठिवलीया, पन रडली बया झकास."

"आणि आई?"

"आई हाय की. फीट थांबलीय. रात तेवढी नीट जाऊ द्या, म्हंजी झालं."

अण्णा बाकावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. उल्का रडतच होती, पण आता कशासाठी ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मच्छिंद्र अंधार पडता पडता धापा टाकत आला. उल्कानं संस्थेत फोन करून सरोजिनीबाईंना सांगितलं, "मॅडम, सुटली." आणि कधी नव्हे ते सरोजिनीबाईंचा आवाज कापला. "कोणती गं?" त्यांनी विचारलं.

रात्र नीट गेली.

सकाळी थोड्या वेळापुरतं आत सोडलं. विजयमाला खाटेवर पडली होती. ओठ सुकलेले, जीभ दातांखाली येऊन चावलेली, हाताला नळी. तिनं डोळे उघडले आणि आधी सासूकडे पाहिलं, मग उल्काकडे, मग मागे भिंतीशी अंग चोरून उभ्या असलेल्या अण्णांकडे. अण्णांनी आज कुणाचा तरी सदरा घातला होता, बटणं वरखाली लागली होती.

मथुराबाईनं सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले. कालपासून गिळून ठेवलेलं सगळं एकदम तिच्या तोंडाशी आलं. रडू, राग, माया, सगळंच. "सांगून तरी सुटायचं व्हतंस की गं, भवाने! आमचा जीव कुठं राहिला आसंल?"

विजयमालाला बोलताना त्रास होत होता. तरी ती बोलली, आणि या खेपेला तिनं 'नाही' म्हटलं नाही.

"सांगितलं व्हतं आत्याबाई. तुमी नीज म्हनलात." मग तिची नजर अण्णांवर गेली. "मंग ताईंच्या घरी सांगाया गेले. त्यांनी चारनंतर बोलावलं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुठली बस कुठे थांबली ते सांगावं, तसं तिनं सांगितलं आणि थकून डोळे मिटले.

उल्कानं अण्णांकडे पाहिलं नाही, अण्णांनी उल्काकडे पाहिलं नाही. मथुराबाई खाली वाकली. कालपासून हातात धरलेल्या त्या चपला तिनं खाटेखाली ठेवल्या, सुनेला उतरल्यावर पायांत घालता येतील अशा, तोंड दाराकडे करून.